रबराचा रंग आत मुरलेला असतो

रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो. मग टायर काळेभोर का? सुरुवातीचे टायर खरोखरच फिकट, पांढरट असत. त्यांत झिंक ऑक्साइडची पांढरी पूड घातलेली असे. 1904 च्या सुमारास लंडनमधल्या सिल्व्हरटाउनच्या एका कारखान्यात लक्षात आलं की कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी मिसळली की रबर कितीतरी चिवट होतं. काही डझन नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आकाराचे हे कण रबराच्या लांबलचक रेणूंना धरून ठेवतात आणि उन्हातले अतिनील किरणही शोषतात. काळा रंग आला तो या ताकदीच्या पाठोपाठ.

त्यामुळे रंगीत रबर हवं असेल तर आधी काजळी वगळावी लागते. बळकटीसाठी सिलिका घालायची, टायटॅनियम डायऑक्साइडने पांढरा पाया तयार करायचा आणि मग रंगद्रव्य मळायचं. लाल रंगाला आयर्न ऑक्साइड, हिरव्याला क्रोमियम ऑक्साइड. इथे खरी परीक्षा असते, कारण पुढे हे मिश्रण गंधकासह साधारण 150 अंश सेल्सिअसला भाजलं जातं. शिशाचं रंगद्रव्य असेल तर गंधकाशी संयोग होऊन ते काळं पडतं. तांब्याचे विरघळणारे क्षार तर नैसर्गिक रबराला विषच. त्यांच्यामुळे ते लवकर जीर्ण होतं.

तयार वस्तूचा रंग बदलणं मात्र फार अवघड. काळं रबर ब्लीचने उजळत नाही: काजळीवर ब्लीचचा काही परिणाम होत नाही, खराब होतं ते रबर. वरून रंग लावला तर रबर ताणलं जातं, रंगाचा थर ताणला जात नाही, आणि पोपडे निघतात. म्हणून पृष्ठभाग स्वच्छ करून, प्रायमर देऊन, पॉलीयुरेथेनसारखा लवचिक लेप द्यावा लागतो. सिलिकोन रबरावर तर सिलिकोनवर आधारलेला रंगच टिकतो.

आणखी एक अडचण आतूनच येते. हवेतल्या ओझोन वायूने रबराला भेगा पडतात. त्यापासून बचावासाठी टायरमध्ये मेण आणि संरक्षक रसायनं घातलेली असतात, ती हळूहळू पृष्ठभागावर झिरपतात. वर लावलेल्या रंगाची पकड त्यांमुळे सुटते. टायरच्या बाजूंवर दिसणारी तपकिरी झाक बहुतेकदा याच रसायनांची असते. ती घासून काढली तरी काही दिवसांनी परत येते, कारण आतला साठा वर येऊन रबराला भेगांपासून वाचवतच असतो.