अर्ध्या पेडलाचं गणित

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये ॲक्सिलरेटरचं पेडल आणि कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) झडप यांच्यामध्ये संगणक नसतो. असतात फक्त दांडे, लिव्हर, बॉल जॉइंट आणि स्प्रिंगा. 1961 साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपला एसयू या कंपनीचे तीन कार्बोरेटर एकाच वेळी उघडावे लागत. पोर्शे 911 चं इंजिन मागे, त्यामुळे पावलाची हालचाल दांड्यांनी पार मागपर्यंत न्यावी लागे. हे जोडकाम बसवताना बहुतेक जण एवढंच पाहतात की पेडल पूर्ण दाबल्यावर झडप पूर्ण उघडते ना. ते पाहायलाच हवं, पण माझ्या मते गाडीचा स्वभाव ठरतो तो अर्ध्या पेडलावर.

झडप म्हणजे नळीत आडव्या स्पिंडलवर फिरणारी गोल चकती, बटरफ्लाय. बंद स्थिती शून्य अंश धरली, तर वाट किती उघडली याचं सूत्र साधारण ‘एक वजा कोसाइन’ असं आहे. 10 अंशांना जेमतेम दीड टक्का, 30 अंशांना 13 टक्के, 60 अंशांना निम्मी. यावरून वाटेल की सुरुवातीच्या अंशांना फारशी किंमत नाही. प्रत्यक्षात सगळी किंमत त्यांनाच आहे. इंजिन आयडलिंगला, म्हणजे पेडल न दाबता सावकाश चालू असताना झडपेच्या आतल्या बाजूचा दाब खूप उतरलेला असतो. तो बाहेरच्या दाबाच्या सुमारे 0.53 पटीखाली गेला की फटीतली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि त्याहून जोरात वाहू शकत नाही. मग हवा किती जाणार हे फक्त फटीच्या आकारावर ठरतं: फट दुप्पट, हवा दुप्पट. याउलट कमी आरपीएमला झडप निम्मी उघडली की इंजिनाला हवी तेवढी हवा मिळून चुकलेली असते. पुढचं पेडल दाबून फारसा फरक पडत नाही.

म्हणून सुरुवातीला झडप सावकाश फिरावी आणि नंतर झपाट्याने, असं जोडकाम हवं. ते लिव्हरच्या कोनातून मिळतं. दांडा लिव्हरला काटकोनात असतो तेव्हा त्याच्या एका मिलिमीटरमागे झडप सर्वात कमी फिरते. लिव्हर कलत जाते तसं तेच मिलिमीटर जास्त अंश फिरवतं. पेडलाची चाल 60 मिमी आणि पेडलाचं गुणोत्तर 3 धरलं, तर दांडा 20 मिमी सरकतो. लिव्हर 18 मिमीची, दांडा लांब, झडप एकूण 80 अंश फिरवायची. लिव्हर काटकोनाच्या 10 अंश अलीकडून निघून 70 अंश पलीकडे गेली, तर अर्ध्या पेडलाला झडप साडेबत्तीस अंश फिरते आणि वाट 16 टक्के उघडते. तीच लिव्हर स्पिंडलवर उलट कलवून बसवली, म्हणजे 70 अंश अलीकडून 10 अंश पलीकडे, तर त्याच अर्ध्या पेडलाला साडेसत्तेचाळीस अंश आणि 32 टक्के! सुटे भाग तेच, चालही तीच, तरी वाट दुप्पट. अशी गाडी पहिल्या गिअरमध्ये उसळत निघते आणि लोक कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, दोष शोधत बसतात.

मात्र कल फार वाढवू नये. लिव्हर दांड्याच्या रेषेत येऊ लागली की पेडल जड होतं, आणि रेषेपलीकडे गेली तर रिटर्न स्प्रिंग झडप बंद करण्याऐवजी उघडीच धरून ठेवते. यात जीवाचा धोका आहे. स्प्रिंगा दोन असाव्यात, एक पेडलापाशी आणि एक कार्बोरेटरपाशी, म्हणजे मधला सांधा निखळला तरी झडप मिटेल.

झिजलेल्या सांध्यांचा प्ले, म्हणजे ढिलेपणाही मोजावा. चार बॉल जॉइंटमध्ये अर्धा-अर्धा मिलिमीटर म्हटलं तरी 20 पैकी 2 मिमी गेले, आणि तेही नेमके सुरुवातीचे. शिवाय रबरी माउंटिंगवरचं इंजिन जोर लावताना डोलतं. दांडा चासीवरून थेट इंजिनावर जात असेल, तर हे डोलणंच झडप हलवतं. गाडी हिसका देते, हिसक्याने पाय हलतो, पाय पुन्हा झडप हलवतो.

बसवताना आधी दांडा सोडवून झडपा एकमेकींशी जुळवाव्यात आणि गरम इंजिनावर आयडलिंग लावावं. मग दांडा जोडताना किंचित मोकळीक ठेवावी, म्हणजे झडप आपल्या स्टॉपवर (हालचाल थांबवणाऱ्या अडणीवर) टेकेल, दांड्याला लटकणार नाही. पेडलाखालचा स्टॉप झडप पूर्ण उघडते त्याच क्षणी लागला पाहिजे. नाहीतर पायाचा सगळा जोर दांडे वाकवण्यात आणि स्पिंडल पिळण्यात जातो. हे इंजिन बंद ठेवून दोघांनी तपासावं: एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने एअर फिल्टर काढून झडपेकडे पाहायचं. नुसती हाताने लिव्हर फिरवून पाहिली, तर पेडलाखालच्या कार्पेटने खाल्लेले मिलिमीटर कळत नाहीत.