जपानी लाकूडठशाचे निसर्गचित्र : फ्रेम करण्यापूर्वी काय पाहावे

लाकूडठशाने छापलेले जपानी चित्र काचेआड जाण्यापूर्वी ग्राहकांनी ते आमच्या टेबलावर एकदा निवांत पाहावे, असा आमचा आग्रह असतो. कारण त्यातील बरेचसे कसब कागदाच्या पोतातच असते आणि काच बसल्यावर ते नीट दिसत नाही.

उतागावा हिरोशिगे यांचे १८५७ सालचे, एदोतील (आजचे टोकियो) सुमिदा नदीवरच्या पुलावर कोसळणाऱ्या वळवाच्या सरीचे चित्र घ्या. छत्र्या सावरत लगबगीने निघालेली माणसे चटकन दिसतात. पण पावसाकडे निरखून पाहिले, की सगळ्या रेघा एकाच दिशेने तिरक्या नाहीत हे लक्षात येते. निराळ्या कोनांत कोरलेल्या दोन ठशांच्या रेघा एकमेकींवर छापल्यामुळे सर दाट झाली आहे. यातली प्रत्येक रेघ म्हणजे दोन्ही बाजूंचे लाकूड कोरून काढल्यावर मागे राहिलेला केसाएवढा उठाव असतो, म्हणूनच ठशासाठी चेरीचे घट्ट लाकूड वापरत. वरच्या कडेचा काळा ढग मात्र कोरलेला नाही. छापणाऱ्याने ओलसर ठशावर रंग हातानेच विरळ करत नेला आहे, त्यामुळे त्याचा आकार प्रतीगणिक थोडा बदलतो. रेखाटन हिरोशिगे यांचे असले, तरी कोरणारे आणि छापणारे कारागीर वेगळे होते आणि आमच्या मते या पावसाचे श्रेय त्यांनाही तितकेच द्यायला हवे.

या चित्राच्या यंत्रावर छापलेल्या प्रतीही पुष्कळ मिळतात. भिंगातून पाहिल्यावर ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती ऑफसेटची छपाई समजावी. हातछपाईत रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो. कागद अलगद उलटून पाहिला, तर मागे झिरपलेला रंग आणि कागद ठशावर दाबताना फिरवलेल्या ‘बारेन’ या गोल घासणीच्या खुणाही अनेकदा आढळतात. मात्र ठसे पुन्हा कोरून नंतर काढलेल्या प्रतींतही हीच लक्षणे असतात, म्हणून केवळ एवढ्यावरून चित्राचा काळ ठरवू नये.

जुने वनस्पतिजन्य रंग उजेडाने विटतात, तेव्हा चित्र उन्हाच्या झोतात किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नये. आम्ही आम्लमुक्त माउंट वापरतो आणि चित्र पाठीला न चिकटवता वरच्या बाजूने जपानी कागदाच्या पट्ट्यांवर, खळीने टांगतो. फ्रेमच्या मापासाठी कडा कापून देण्याची विनंती आम्ही स्वीकारत नाही. हिरोशिगे यांचे हे चित्र ज्या मालिकेतले आहे, तिच्यात प्रकाशकाचे नाव त्या पांढऱ्या कडेवरच छापलेले असते.