गोठ्याचे शेण, विहिरीचे पाणी आणि तपासणीचा खर्च

“शेण-मूत्र नैसर्गिक असल्यामुळे गोठ्यांनी प्रदूषण होत नाही, तेव्हा त्यांच्या तपासणीवर सरकारी पैसा घालणे ही उधळपट्टी आहे,” असा मजकूर बरीच वर्षे फिरत आहे.

त्यातला अर्धा भाग खरा आहे, कारण पिकाला लागेल तेवढे कुजलेले शेणखत जमिनीला पोसतेच. मात्र संकरित गाईचे रोजचे 15 ते 20 किलो शेण धरले, तर 200 गाईंच्या बंदिस्त गोठ्यात दिवसाला तीन-चार टन साचते आणि लगतच्या शेतांना ते पेलत नाही. उकिरड्यावर पाऊस पडला की काळपट पाणी ओढ्याला मिळते, तिथला प्राणवायू घटून मासे मरतात, आणि शेणामुतातील नत्र नायट्रेट होऊन विहिरींत झिरपते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळूनही ते जात नाही.

नुकसान बहुधा उताराखालच्या शेजाऱ्याचे होते, म्हणून केवळ गोठेमालकाच्या मर्जीवर विसंबणे पुरेसे नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अनेक काउंटी (जिल्ह्यासारखे स्थानिक प्रशासन) गोठ्यांची नोंद व पाहणी स्वतः करतात आणि राज्य त्यासाठी अनुदान देते.

पडताळणीसाठी गोठ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींचे नमुने पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रयोगशाळेत द्यावेत. युरिया आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतूनही नायट्रेट येते, त्यामुळे एकाच विहिरीच्या आकड्यावरून गोठ्याला दोष देणेही योग्य नाही.