पदर घेतलेला गडी: मराठवाड्यातल्या स्त्रीवेशाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या ड्रॅग कलाकारांवर माहितीपट म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे मोठ्या शहरातलं खूळ आपल्याकडं कुठून आलं? ड्रॅग, म्हणजे स्त्रीवेश घेऊन लोकांपुढं कला सादर करणं, हा शब्द नवा आहे. लुगडं नेसलेला पुरुष मात्र इथं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिलाय, आणि तोही देवळाच्या आवारात.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात सासुरवाशिणीच्या तोंडची भारुडं रचली. ती सादर करताना पुरुषच पदर घेत आले. माझ्या लहानपणी सप्ताहात एक भारुडकरी यायचे. मिशी तशीच, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. पदराचं टोक दातात धरून सासूची गाऱ्हाणी सांगायचे. पुढं बसलेल्या बाया हसता हसता डोळे पुसायच्या. तुळजाभवानीचे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन जोगवा मागतात. त्यांतले काही पुरुष लुगडं नेसतात, आणि लोक त्यांच्या पाया पडतात. तमाशात बाई उभी राहण्याआधी नाच्या पोऱ्याच लावणी नाचायचा.

पण हा मान वेशाला होता, तोही तेवढ्या वेळेपुरता. भारुड संपलं की कुंकू पुसायचं न्‌ सकाळी औताला जायचं. ज्याला पुसायचंच नसे, त्याला घर सुटायचं. स्त्रीवेश ही कला आहे, आपण बाई आहोत हे आतून वाटणं ही ओळख. प्रत्येक स्त्रीवेशधारी तृतीयपंथी नसतो. हा फरक गावानं कधी समजूनच घेतला नाही, आणि त्याचे घाव दोघांनीही सोसले.

कायदाही निष्ठुर होता. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्यात १३२९ फसली (निजामाच्या राज्यातली कालगणना), म्हणजे १९१९ साली, तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा कायदा झाला. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेशात रस्त्यावर दिसली किंवा तिथं नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्यानं त्या ओळखीचं प्रमाणपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्याकडं दिलं. निजामाच्या काळातला तो कायदा मात्र तेलंगणात कागदावर तसाच होता. तिथल्या उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला जुलै २०२३ मध्ये.