पाठीतल्या सुईने कंबर कायमची जात नाही

कमरेखालचा भाग बधिर करण्यासाठी पाठीत सुई टोचून भूल देतात. तिच्याबद्दल निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात ‘पाठीत सुई टोचली की कंबर कायमची गेली’ हे वाक्य जुने आहे, आणि प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगावरील उपचारासाठी बेळगावला निघालेले एखादे आजोबाही त्यापायी कच खातात. हा समज चुकीचा आहे.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्याही खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधल्या फटीत जाते. रुग्णाला टेबलावर बसवून, हनुवटी छातीला टेकवून पाठीची कमान करायला सांगतात, ते ही फट उघडावी म्हणूनच. सुईची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि औषधाचा अंमल काही तासांत उतरतो. टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणका लागतो, काहींना उठून बसल्यावर डोके दुखते. मज्जातंतूंना इजा होणे अत्यंत विरळ. साठी-सत्तरीत कंबर मुळातच धरलेली असते, आणि दोष मात्र सुईच्या माथी येतो.

शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगावर रोज स्कॅनची प्रतिमा पाहून बाहेरून किरण देतात त्या उपचारात सहसा भूल लागतच नाही. अल्ट्रासाऊंडवर पाहत ग्रंथीत सुया घालून आतून किरणोपचार करायचा असेल, तर मात्र पाठीतून किंवा पूर्ण भूल देतात. तेव्हा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण मणक्यात रक्तस्राव होण्याचा खरा धोका तिथे असतो.