निरोप्या प्रथिनं आणि कुत्रीच्या स्तनातली गाठ: पार्श्वभूमी

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगरकडे म्हातारी लॅब्राडोर सांभाळणाऱ्यांना ही गाठ नवी नाही. बहुतेकदा मागच्या पायांजवळच्या स्तनात, सुरुवातीला वाटाण्याएवढी, ब्रश फिरवताना बोटाखाली सरकते. मग 'गरमीची असेल' म्हणत हळद लावण्यात दोन महिने जातात.

१९६९ साल इथे दोनदा येतं. नसबंदीचे प्रसिद्ध आकडे त्याच वर्षीचे. नसबंदी न झालेल्या मादीच्या तुलनेत, पहिल्या माजाआधी केल्यास स्तनाच्या गाठीचा धोका ०.५ टक्का, एका माजानंतर ८, दोन माजांनंतर २६. २०१२च्या फेरतपासणीत हा पुरावा कमकुवत ठरला, तरी दवाखान्यात आकडे तेच ऐकू येतात. त्याच १९६९मध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी इतर पेशींना निरोप म्हणून सोडतात त्या प्रथिनांना 'लिम्फोकाइन' नाव मिळालं. इतर पेशीही असे निरोप धाडतात म्हणून १९७४मध्ये 'सायटोकाइन' आलं आणि १९७९मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बैठकीनंतर, 'इंटरल्यूकिन': पांढऱ्या पेशींचं आपापसातलं बोलणं.

घोळ या नावातच आहे. इंटरल्यूकिन-८ घ्या. न्यूट्रोफिलना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जखमेकडे बोलावणं हे त्याचं काम, पण गाठीच्या पेशीही ते बनवतात आणि त्याच्या जोरावर गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणजे बोलणारी पेशी पांढरी असेलच असं नाही. पुढे त्याला केमोकाइनांच्या, म्हणजे पेशींना बोलावून घेणाऱ्या प्रथिनांच्या, घराण्यात घेऊन 'सीएक्ससीएल-८' केलं, पण जुनं नाव कुणी सोडलं नाही. तेव्हाच सोडायला हवं होतं. 'प्रतिकारशक्तीचं प्रथिन' वाचलं की माणूस समजतो, जितकं जास्त तितकं बरं.

उंदराला इंटरल्यूकिन-८ नसतंच. कुत्र्याला असतं, म्हणून या बाबतीत कुत्री माणसाला जवळची. २००५मध्ये एका बॉक्सर मादीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि कामाला वेग आला. सर्वांत वाईट प्रकार दाहक कर्करोगाचा: स्तन लाल, गरम, दुखरे, स्तनदाह समजून अँटिबायोटिक चालू राहतं. या प्रकारात इंटरल्यूकिन-८ आणि १० दोन्ही वाढलेली दिसली. आठ नंबरचं पेशींना हाका मारतं, दहा नंबरचं प्रतिकार निजवतं. एकाच गाठीत दोन्ही.

इंदुरात काढलेली गाठ अजून फॉर्मॅलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजीला जाते आणि निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. रिपोर्टात इंटरल्यूकिनचा रकाना नसतो.