धावताना अर्ध्यावर येणारी नाडी

पेसमेकर म्हटलं की डोळ्यांसमोर काठी टेकत चालणारे आजोबा येतात. त्यामुळे पंचविशीतल्या कुणाला तो बसवल्याचं कळलं की भोवतालच्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "एवढ्या लहान वयात अटॅक आला?" आणि "आता आयुष्यभर जपून राहावं लागणार ना?"

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. हार्ट अटॅक हा रक्तवाहिनी तुंबल्याने येतो. पेसमेकर लागतो तो हृदयाच्या विजेच्या यंत्रणेत बिघाड झाला तर. तरुण वयात या बिघाडाची कारणंही वेगळी असतात. कधी आईच्या रक्तातली काही प्रतिपिंडं वारेतून गर्भात शिरून बाळाच्या हृदयातला विजेचा मार्ग जन्माआधीच खराब करतात. कधी लहानपणी हृदयाचं छिद्र बुजवताना हा मार्ग दुखावलेला असतो. कधी विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊन गेलेली असते, तर कधी दोष घराण्यातच असतो.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर बोलायला हवं. सगळे जण पेशंटला 'यंत्राशी जुळवून घे' असं सांगत असतात. माझं म्हणणं असं की तरुण पेशंटच्या बाबतीत आधी यंत्राने त्याच्याशी जुळवून घ्यायला हवं, आणि ते आपोआप होत नाही.

शाळेत शिकलेलं थोडं आठवू. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद, खालचे दोन म्हणजे निलय. वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो स्वतःहून विजेचे स्पंद निर्माण करतो. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो दाखवून दिला. फ्लॅक तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता! तिथून निघालेला स्पंद वरच्या कप्प्यांतून पसरत मधल्या एका गाठीपाशी येतो. ही गाठ त्याच्या आदल्या वर्षी जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी शोधली होती. इथे स्पंद साधारण एक दशांश सेकंद रेंगाळतो. तेवढ्या वेळात वरचे कप्पे आपलं रक्त खाली रिकामं करतात, आणि मग स्पंद खाली उतरून निलय आकुंचन पावतात.

या गाठीतला किंवा तिच्या खालचा मार्ग पूर्ण तुटला की त्याला 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' म्हणतात. वरचे कप्पे आपल्या तालात मिनिटाला ७०-८० वेळा चालू असतात, पण निरोप खाली पोचत नाही. खालचे कप्पे स्वतःच्या जोरावर कसेबसे ३०-४० ठोके देत राहतात. तरुणांच्या बाबतीत हीच अवस्था मनात धरून पुढचं सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

अशा वेळी बहुधा दोन तारांचा पेसमेकर बसवतात. कॉलरबोनच्या खाली त्वचेआड वीस-तीस ग्रॅमची चपटी डबी आणि शिरेतून हृदयात गेलेल्या दोन तारा, ज्यांना डॉक्टर 'लीड' म्हणतात. वरची लीड अलिंदाचा ठोका ऐकते. डबी ठरलेला वेळ, समजा १५० मिलिसेकंद, थांबते. तेवढ्यात खाली नैसर्गिक ठोका पडला नाही तर खालच्या लीडमधून एक स्पंद सोडते. तो साधारण अडीच व्होल्टचा आणि ०.४ मिलिसेकंदांचा असतो. त्यातली ऊर्जा जेमतेम पाच मायक्रोज्यूल. सेटिंग नीट असेल तर हा स्पंद जाणवतही नाही. 'पेसमेकर शॉक देतो' हा समज आयसीडी नावाच्या वेगळ्या यंत्रावरून आला आहे. ते यंत्र जीवघेणी लय मोडण्यासाठी तीस-चाळीस ज्यूलपर्यंतचा, म्हणजे लाखो पट मोठा झटका देऊ शकतं.

आता माझ्या आवडीचा भाग. थोडी आकडेमोड आहे, पण बेरीज आणि भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

धावायला लागल्यावर वरचा पुंजका आपला वेग वाढवतो. तो निरोगी आहे, बिघाड खाली आहे. मग यंत्र प्रत्येक वरच्या ठोक्यामागे खाली एक ठोका देत गेलं की झालं, असं वाटेल. अडचण अशी की विजेचा मार्ग वरून खाली बंद असला तरी काही जणांत तो खालून वर चालू असतो. खालच्या कप्प्यात सोडलेला स्पंद उलटा वर चढतो. वरची लीड तो ऐकते, यंत्राला वाटतं नवा ठोका आला, म्हणून ते १५० मिलिसेकंदांनी पुन्हा खाली स्पंद सोडतं. तो पुन्हा वर चढतो. माणूस नुसता बसलेला असतो, आणि यंत्र स्वतःच्याच प्रतिध्वनीला उत्तर देत हृदयाला पळवत राहतं.

हे टाळायला इंजिनिअरांनी साधी युक्ती केली. खाली ठोका पडल्यावर साधारण २५० मिलिसेकंद वरच्या लीडने कान झाकून घ्यायचे. वरचा ठोका ऐकल्यानंतरच्या १५० मिलिसेकंदांच्या प्रतीक्षेतही नवा ठोका मोजायचा नाही. म्हणजे एका फेरीत यंत्र एकूण १५० अधिक २५०, अर्थात ४०० मिलिसेकंद बहिरं असतं. मिनिटात ६०,००० मिलिसेकंद असतात. ६०,००० भागिले ४०० म्हणजे १५०.

हा १५० चा आकडा लक्षात ठेवा. वरच्या कप्प्याचा वेग मिनिटाला १५० च्या पुढे गेला की दोन ठोक्यांमधलं अंतर ४०० मिलिसेकंदांपेक्षा कमी होतं. मग प्रत्येक दुसरा ठोका बहिरेपणाच्या काळात पडतो. यंत्र एक ऐकतं, एक सोडतं. वर १५२ चालू असतात आणि खाली पडतात ७६!

बरं, त्याआधीही एक टप्पा असतो. यंत्रात खालच्या कप्प्यासाठी वेगाची कमाल मर्यादा घातलेली असते, बऱ्याचदा १२० किंवा १३०. समजा ती १३० आहे. १३० पर्यंत ठोक्याला ठोका मिळतो. १३० ते १५० च्या दरम्यान यंत्र आपला प्रतीक्षेचा काळ दर ठोक्याला थोडा थोडा लांबवतं, म्हणजे खालचा वेग १३० च्या वर जाणार नाही. असं लांबवत नेता नेता मधला एखादा ठोका निसटतो, आणि मग नव्याने सुरुवात. गंमत म्हणजे आजारी हृदय हेच निसर्गतः करतं. डच डॉक्टर कारेल वेन्केबाख यांनी १८९९ मध्ये, ईसीजी वापरात येण्याच्या आधी, निव्वळ नाडीच्या आलेखावरून हा आकृतिबंध ओळखला होता. त्यांचंच नाव आजही यंत्राच्या या वागण्याला दिलं जातं.

आता हे धावणाऱ्याच्या बाजूने पाहा. मनगटावरचं घड्याळ १२० दाखवतंय, १२८ दाखवतंय, मग १३० च्या आसपास अडकतं. पाय थोडे जड होतात. चढ लागतो, जोर वाढतो, आणि दोन-चार ठोक्यांच्या आत आकडा ७५ वर येतो. डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांत गोळे, थांबावंच लागतं. थांबल्यावर मिनिटाभरात सगळं ठीक. डॉक्टरांकडे गेलं तर झोपवून काढलेला ईसीजी एकदम उत्तम! यंत्र बिघडलेलं नाही, बॅटरी भरलेली आहे, लीड जागेवर आहे. मग 'मनातली भीती असेल' असं म्हणून त्या मुलाची किंवा मुलीची बोळवण होते. मला राग येतो तो याचा. यंत्र सांगितलं तसंच वागतंय, पण ते सांगणं दुसऱ्या वयाच्या माणसासाठी होतं.

कारण २२० वजा वय हे ढोबळ सूत्र लावलं तर ७५ वर्षांच्या माणसाच्या हृदयाचा कमाल वेग येतो १४५. तो १५० ला पोचणारच नाही. २५ वर्षांच्या माणसाचा येतो १९५, आणि तो बस पकडायला धावतानाही १५० ओलांडू शकतो.

उपाय ऑपरेशनचा नाही, सेटिंगचा आहे. वेग वाढेल तशी प्रतीक्षा १५० वरून १०० मिलिसेकंदांवर आणायची. उलटा प्रवाह किती वेळात वर चढतो, चढतो तरी का, हे तपासून कान झाकण्याचा काळ २०० वर आणायचा. बेरीज ३००, आणि ६०,००० भागिले ३०० म्हणजे २००. कमाल मर्यादा मग १७०-१८० वर नेता येते. ट्रेडमिलवर धावायला लावून, शेजारी प्रोग्रामर (पेसमेकरचं सेटिंग बाहेरून वाचणारं आणि बदलणारं यंत्र) ठेवून हे पारखता येतं. प्रत्येकाला हेच आकडे चालतील असं नाही, हे डॉक्टरच ठरवणार. पण 'धावताना मध्येच बंद पडल्यासारखं होतं' एवढ्या मोघम तक्रारीऐवजी 'माझी वरची मर्यादा किती ठेवली आहे, आणि एकाआड एक ठोका कोणत्या वेगाला सुटतो?' असं विचारलं तर संभाषण लवकर रुळावर येतं.

ज्यांचा वरचा पुंजकाच मंद आहे त्यांचं गणित वेगळं. त्यांच्या यंत्रात हालचाल ओळखणारा सेन्सर असतो आणि तो वेग ठरवतो. चालताना छाती हलते, म्हणून वेग वाढतो. सायकलवर मात्र पाय कष्ट करतात आणि छाती जवळजवळ स्थिर राहते, त्यामुळे यंत्राला वाटतं माणूस आरामात बसलाय. जुन्या सेन्सरांची तर अशी ख्याती होती की जिना उतरताना धक्के जास्त बसतात म्हणून चढण्यापेक्षा उतरतानाच वेग जास्त वाढायचा. काही यंत्रं छातीतून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून श्वासाची गती मोजतात. सायकल चालवणाऱ्यांना ती जास्त सोयीची.

चुंबकाबद्दल लोक फार घाबरवतात, म्हणून तेही सांगून टाकतो. डबीजवळ चुंबक नेला की यंत्र ऐकणं बंद करतं आणि ठरावीक वेगाने ठोके देत राहतं. चुंबक दूर केला की पूर्ववत. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, डॉक्टर तपासणीत ती वापरतात. फोन शर्टाच्या वरच्या खिशात न ठेवता डबीपासून पंधरा सेंटिमीटर दूर ठेवला की पुरतं. दुकानाच्या दारातल्या चोरी-प्रतिबंधक खांबांमधून सरळ चालत जावं, तिथे रेंगाळू नये. मायक्रोवेव्हची भीती आता इतिहासजमा झाली आहे.

मात्र रक्ताभिसरण सुधारण्यासाठी म्हणून जी चुंबकीय गादी किंवा ब्रेसलेट विकतात, त्यापासून दूर राहावं. एक तर डबीजवळ चुंबक नको, आणि दुसरं म्हणजे रक्तातलं लोह चुंबकाकडे खेचलं जातं हा दावाच खोटा आहे. ते लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. तसं वागलं असतं तर एमआरआयच्या यंत्रात शिरलेला एकही माणूस जिवंत बाहेर आला नसता.

रोजच्या जगण्यात जास्त त्रास देतात त्या बारीक गोष्टी. अंगाने बारीक असलेल्याची डबी त्वचेखाली उठून दिसते, बॅगेचा पट्टा नेमका तिच्यावर घासतो. सुरुवातीचे काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कारण लीडचं टोक अजून रुजलेलं नसतं. पण घाबरून हात अजिबात न हलवणारे खांदा आखडून बसतात, तेही चूक. नंतर पोहणं, धावणं, बाळंतपण, सगळं बहुतेकांना शक्य असतं. थेट छातीवर मार बसणारे खेळ मात्र टाळलेले बरे.

लांबचा विचार करता नाजूक दुवा लीडचा असतो. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं आणि लीड तितक्या वेळा वाकते. शिवाय कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या चिमटीत ती चेपली जाऊ शकते, म्हणून डोक्यावर जड वजन उचलण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते आणि संपत आली की अख्खी डबी बदलतात. पंचविशीत सुरुवात केली तर आयुष्यात पाच-सहा वेळा. आर्ने लार्सन या स्वीडिश गृहस्थांना १९५८ मध्ये जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर मिळाला. तो बाहेरून चार्ज करता यायचा, पण काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांना एकूण २६ यंत्रं लागली. ते ८६ वर्षं जगले आणि २००१ मध्ये कर्करोगाने वारले, तोवर त्यांचं पहिलं यंत्र बनवणारे रूने एल्मक्विस्ट आणि ते बसवणारे सर्जन ओके सेनिंग दोघेही जाऊन चुकले होते.

२०१६ मध्ये अमेरिकेत बिनतारी पेसमेकरला मान्यता मिळाली. औषधाच्या कॅप्सूलसारखा, दोनेक ग्रॅमचा, थेट हृदयाच्या आत बसणारा. बातम्यांमध्ये त्याचं फार कौतुक होतं. तो उत्तम आहेच, पण ज्याला अजून पन्नास वर्षं काढायची आहेत त्याच्या हृदयात संपलेल्या किती कॅप्सूल साठवायच्या, हा प्रश्न त्या बातम्यांत क्वचितच दिसतो. त्यापेक्षा तरुणांसाठी मला आशा वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. खालच्या कप्प्याच्या टोकाला वर्षानुवर्षं ठोके देत राहिलं तर काहींचं हृदय कमजोर होतं. म्हणून आता लीड हृदयाच्या मूळ विजेच्या मार्गातच रोवतात, आणि स्पंद निसर्गाच्या जवळपास जाणाऱ्या वाटेने पसरतो.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा प्रोग्रामरच्या पडद्यावरचा वेगांचा आलेख दाखवायला सांगा. वरच्या कप्प्याचा एक, खालच्या कप्प्याचा एक. गेल्या काही महिन्यांत कोणत्या वेगाने किती ठोके पडले ते त्यात पट्ट्यांनी दिसतं. वरच्याच्या पट्ट्या १७० पर्यंत गेलेल्या असतील आणि खालच्याच्या १३० ला थांबलेल्या असतील, तर ट्रेडमिल टेस्टची तारीख तिथेच मागून घ्या.